उपवासकाळातला आल्लेलुया

चर्चच्या माडीवर ऑर्गनच्या उजव्या हाताला पहिली जागा होती ना, ती माझी. तिथं उभं राहून स्तोत्र एकटीनं म्हणायचं आणि ईस्टरच्या सकाळी पहिला आल्लेलुया उचलायचा, हे काम लग्न होऊन या धर्मग्रामात आले तेव्हापासून माझ्याकडं. नवरा गेला, स्वतःची खोली गेली, दिराच्या संसारात येऊन पडले, पण त्या जागेवरून मला कुणाच्या बापाला हलवता आलं नाही. पोरंटोरं मला भोंगा म्हणायची. म्हणेनात का! भोंग्यानं माणसं निदान जागी तरी होतात. आमच्या फादरांच्या प्रवचनानं काय होतं ते बाकांवर पेंगणाऱ्यांना विचारा.

आता या भोंग्याची गंमत सांगते. मला ऐकू येत नाही. पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात माझा जन्म गेला. तिथल्या यंत्रांनी आधी उजवा कान खाल्ला, मग डावा. डाव्यात अजून काहीतरी घुमतं, पण त्यात शब्द नाही की सूर नाही. कानाचं यंत्र लावलं असतं, तर पुढच्याच रविवारी मास्तरानं मला हाताला धरून खाली उतरवलं असतं. मास्तर म्हणजे आमचा ऑर्गन वाजवणारा, गायकवृंदाचा सर्वेसर्वा. म्हणून मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. ओठ वाचायला शिकले. ऑर्गनच्या लाकडावर तळवा टेकला की वाद्य सुरू झालेलं कळायचं, आणि पुढचं गळ्याला पाठ होतं. गळा अजून खणखणीत आहे, असं लोकच म्हणत.

वर आणखी मजा अशी, की साऱ्या धर्मग्रामात तिखट कान कुणाचा, तर माझा! वाजवता वाजवता मास्तर माझ्या भुवईकडं बघायचा. भुवई चढली की कुणीतरी बेसूर झालंय म्हणायचं. शेवटची दोन-तीन वर्षं मी भुवई आपली मनाला येईल तेव्हा चढवत होते. दर वेळी मागच्या रांगेतला कुणी ना कुणी शरमेनं मान खाली घालायचाच.

माझं गुपित एकटीला माहीत होतं, माझ्या धाकट्या जावेला. लॉन्ड्रीत इस्त्री करते ती. एकदा स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागं दूध उतू गेलं, ती बाहेरून ओरडत राहिली आणि मी ढिम्म. तिनं आत येऊन गॅस बंद केला, माझ्यासमोर उभी राहिली आणि सावकाश, ओठ ताणून म्हणाली, “जाऊबाई, घाबरू नका. मी आहे ना.” तेव्हापासून माडीवर ती माझ्या शेजारी उभी राहायची. सुरू करायची वेळ आली की माझं कोपर दाबायची. कुणाला काही कळलं नाही. मी रोज रात्रीच्या जपमाळेत तिच्यासाठी एक ‘नमो मारिया’ जास्तीची म्हणायचे. काय मूर्ख बाई मी!

तिची मुलगी चिमणी. मला ‘मोठी आई’ म्हणते. तिला गाणं मी शिकवलं. लहान होती तेव्हा तिच्या गळ्यावर बोट ठेवून, इथून नाही, खालून काढ आवाज, असं सांगत. तेव्हा मला ऐकू यायचं. आता ती कॉलेजात जाते, माडीवर आमच्या मागं उभी राहून गाते, आवाज पिकलाय म्हणतात, फार गोड झालाय म्हणतात. मला तिचा आठवतो तो आठ वर्षांच्या पोरीचा किनरा आवाज. तिनं माझ्या जागी उभं राहावं असं धाकटीच्या मनात होतं. मला काय ते दिसत नव्हतं? पण मी मेल्यावर उभी राहील की, घाई कसली, असं मला वाटायचं. धाकटीला घाई होती.

आमचं चर्च संत योसेफाचं. त्याचा सण येतो नेमका उपवासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत. आल्लेलुया म्हणजे आनंदाचा घोष, तो उपवासकाळात तोंडातून काढायचा नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरगंही जाणतं. राखेच्या बुधवारी तो शब्द मिटतो तो ईस्टरलाच उघडतो. सणाचा दिवस म्हणून ग्लोरिया हे स्तुतिगीत तेवढं गातात, बाकी शुभवर्तमानाआधीच्या आल्लेलुयाच्या जागी दुसरी साधी ओळ. या वर्षी सणाला बिशप यायचे होते. तालमीत फादर माडीवर येऊन बरंच काही बोलले. दाढीवाला माणूस, त्यात मान खाली घालून बोलायची खोड. त्याचे ओठ मेले कुणाला दिसतात! मी आपली सगळ्यांबरोबर मान हलवली.

घरी येताना दिव्याच्या खांबाखाली धाकटीनं मला थांबवलं. तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, “जाऊबाई, कळलं ना तुम्हाला? यंदा आल्लेलुया आहे.”

“काहीतरीच काय! उपवासकाळात?”

“बिशपांची खास परवानगी आलीय. संताच्या मानासाठी. फादर तेच तर सांगत होते.” मग हसली. “आणि मास्तर म्हणाला, ऑर्गन नको. बाईंनी एकटीनं उचलायचा. तीनदा, दर वेळी वरच्या पट्टीत, ईस्टरसारखा.”

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मास्तराला विचारावं असं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, आणि चार लोकांत मला ती भीती. शिवाय खरं सांगू? मला ते खरं असायला हवं होतं. भर उपवासकाळात, बिशपांसमोर, साऱ्या चर्चमध्ये एकटा माझा आवाज! मी त्या रात्री झोपले नाही, आनंदानं.

सणाला चर्च खचाखच भरलं होतं. ग्लोरिया झाला. स्तोत्र मी असं म्हटलं की खालून माना वर वळल्या. दुसरं वाचन झालं, सगळे उभे राहिले. मी ऑर्गनवर तळवा टेकला. लाकूड गप्प होतं. बरोबरच होतं, ऑर्गन नको म्हणाले होते ना. आणि धाकटीनं माझं कोपर दाबलं.

मी छातीभर श्वास घेतला आणि आल्लेलुया उचलला.

पहिला संपला. खालच्या सगळ्या माना वर. मला वाटलं, वा! दुसरा वरच्या पट्टीत. आता लोक एकमेकांकडं बघत होते. एका बाईनं तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी तिसरा उचलला, अगदी वर, जिथं माझ्या वयाच्या बाईनं जाऊ नये तिथं, आणि तेवढ्यात मास्तर बाकावरून उठून माझ्या अंगावर धावून आला. त्याचे ओठ मला स्वच्छ वाचता आले. “बस करा! बाई, बस करा!” माझं तोंड उघडंच राहिलं. बिशप वेदीवरून वर बघत होते, इतक्या दयेनं, की त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या घालायला हव्या होत्या. मग चिमणीचे ओठ हलताना दिसले. उपवासकाळाची ती साधी ओळ ती एकटी गात होती, पुढं होऊन, माझ्या जागेवरून. आईनं तिला हलकेच पुढं ढकललं होतं.

मी धाकटीकडं बघितलं. ती गाण्याच्या वहीत बघत होती, आणि तिची वही मिटलेली होती.

सांगून टाकायचं ना सगळ्यांना, असं तुम्ही म्हणाल. काय सांगू? हिनं मला खोटं सांगितलं? मग तालमीत तुम्ही काय करत होता बाई, कान कुठं होते, असं विचारलं असतं. बहिरी म्हणून उतरवलं असतं, नाहीतर चळलेली म्हणून. धाकटीनं सगळा हिशेब आधीच मांडून ठेवला होता. हुशार बाई. इस्त्री करणाऱ्या बायका सुरकुतीसुद्धा ठेवत नाहीत.

दोन दिवसांनी मास्तर घरी आला, बिस्किटांचा पुडा घेऊन. धाकटीनं चहा केला. मास्तर माझ्यासमोर बसून हात चोळत म्हणाला, “बाई, वय कुणाला चुकलंय? विसरायला होतं माणसाला.”

“होतं खरं,” धाकटी म्हणाली. तिचं तोंड मुद्दाम माझ्याकडं होतं. “परवा मीठसुद्धा दोनदा घातलं त्यांनी.”

“स्मरणाचं जाऊ दे,” मास्तर म्हणाला. “पण तुमच्यासारखा कान अख्ख्या धर्मग्रामात नाही. तुम्ही खाली पहिल्या बाकावर बसा आणि कुठं चुकतंय ते आम्हाला सांगत जा. ईस्टरचा आल्लेलुया चिमणी उचलेल. पोरगी तुमचीच आहे.”

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बिस्किटं दिरानं खाल्ली.

उपवासकाळाचे उरलेले दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आमच्या घरात रोज जेवणाआधी जपमाळ होते. धाकटी पुढं बसून म्हणायची, डोळे मिटून, अगदी संतिणीसारखी. आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा करतो, हे तिचे ओठ म्हणायचे आणि मी ते वाचत बसायचे. पाप कबूल करायला गेले तेव्हा फादरांना सांगितलं, माझ्या मनात एका बाईविषयी राग आहे. फादर जाळीमागून काहीतरी म्हणाले. जाळीतून ओठ दिसत नाहीत. त्यांनी क्षमा केली की प्रायश्चित्त दिलं, देव जाणे. मी क्रूस केला आणि उठून आले. राग जिथल्या तिथं.

ईस्टर उजाडला. वेदीवर फुलं, पांढरी वस्त्रं, सगळे नव्या कपड्यांत. मी पहिल्या बाकावर, माडीकडं पाठ करून. शुभवर्तमानाआधी सगळे उभे राहिले. मी मागं वळून वर बघितलं. चिमणी माझ्या जागेवर उभी होती. तिचं तोंड उघडलं. गळ्याची शीर उठली. तीनदा तिनं तोंड उघडलं, तीनदा लोकांचे ओठ तिच्यामागून हलले. शेजारची म्हातारी डोळे पुसत होती. मला काय ऐकू आलं? भिंतीपलीकडं कुणी खुर्ची सरकवावी तसं काहीतरी, तेही आलं की नाही कुणास ठाऊक.

मिस्सा सुटल्यावर अंगणात ती धावत माझ्याकडं आली. गाल लाल, केस सुटलेले. मास्तर मागोमाग, त्याच्यामागं धाकटी, तोंडभर हसत.

“मोठी आई, कसा झाला? खरं सांग हं!”

पोरीचा काय गुन्हा? काही नाही. लेकरू साधं आहे, तिला आईचं कारस्थान माहीतही नव्हतं. हे सगळं त्या क्षणी मला कळत होतं, अगदी लख्ख.

“सूर पडला, बाळ,” मी म्हणाले. “तिन्ही वेळा. वरचा तर फारच.”

तिचा चेहरा असा उतरला की बघवेना. तिनं मास्तराकडं बघितलं. मास्तरानं टाळूवरून हात फिरवला. आपल्या कानापेक्षा माझ्या भुवईवर वर्षानुवर्षं विसंबलेला माणूस तो! म्हणाला, “मलाही जरा वाटलं खरं. पण सणाचा दिवस, म्हटलं जाऊ दे.”

“काहीतरीच काय!” धाकटी पुढं झाली. “इतकं सुरेख गायली पोर! आणि जाऊबाई, तुम्हाला कुठं...”

ती थांबली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, सवयच आहे मला.

“मला कुठं काय?” मी विचारलं. “बोल ना, धाकटे. मास्तरही ऐकतोय.”

तिचे ओठ दोनदा हलले. पण माझे कान गेलेत हे तिला माहीत होतं असं म्हटलं, तर मग सणाच्या दिवशी माझं कोपर का दाबलं, हे मी तिथंच विचारलं असतं. तिनं तोंड मिटलं. माझा इतका आनंदाचा ईस्टर कधी झाला नव्हता, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

पुढच्या रविवारी चिमणी माडीवर गेली नाही. मास्तराला निरोप धाडला, आधी सूर नीट बसवते, मग येते. आता रोज कॉलेजातून आली की चहासुद्धा न घेता माझ्यासमोर पाटावर बसते, लहानपणी बसायची तशी. “मोठी आई, तूच सांग,” म्हणते. आणि तो आल्लेलुया गाते. मी तिच्या तोंडाकडं बघते. ओठ गोल होतात, गळ्याची शीर उठते, हल्ली डोळ्यांत पाणीही येतं. मास्तर कधी येतो, दारात उभा राहून ऐकतो आणि माझ्याकडं बघतो.

कालही ती गायली. धाकटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, ओला हात तोंडावर दाबून. तिला सगळं ऐकू येत होतं. पोर कशी गातेय ते या घरात तिच्याइतकं नीट कुणालाच कळत नव्हतं. चिमणीनं तोंड मिटलं आणि माझ्याकडं आशेनं बघितलं.

“अजून पडतोय,” मी म्हणाले. “परत म्हण.”