सावलीतली गाडी

लेसच्या पत्राला मर्विनने दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. या मेहुण्याने एवढंच विचारलं होतं, "कॅम्पर घेतलीय, राहायची गाडी. फ्रीज कुठला घेऊ? तू वाचणारा माणूस, सांग." मर्विन पेंगेलीचा जन्म वाचनालयाच्या नोकरीत गेलेला. त्याने चार माहितीपुस्तिका वाचल्या, तीन मसुदे लिहिले आणि प्रत्येक मसुदा 'पण'पाशी अडला.

आता वाळवंटातल्या ऊडनाडाटा गावाच्या वाटेवर, कोरड्या नाल्याकाठी, तो आपल्याच गाडीतल्या फ्रीजपुढे गुडघे टेकून बसला होता. फ्रीजवरचे आकडे विझले होते. किल्ली फिरवली तर इंजिनाने नुसतं 'टक्' केलं.

"काय झालं रे?" त्याच्या बायकोने, थेल्माने विचारलं.

"बॅटरी संपली. फ्रीजने पिऊन टाकली."

आत तिच्या इन्सुलिनच्या सहा कुप्या होत्या. फ्रीजबाहेर लटकणारा वायरीचा तापमापक आतले बावीस अंश दाखवत होता. तिसाच्या वर गेलं की औषध वाया. बाहेर त्रेचाळीस. फोनला रेंज नाही, औषधांचं दुकान चारशे किलोमीटरवर, आणि इथल्या ऑक्टोबरच्या उन्हात या वाटेला कोण फिरकतंय?

"बॅटरी पार संपेपर्यंत फ्रीज बंद पडू नये, असं मीच लावून ठेवलं होतं. तुझ्या औषधासाठी. माझीच चूक."

"रड नंतर. छतावरचं ते सौर पॅनल काय शोभेला आहे?"

मर्विनने वर पाहिलं. कूलिबाचं झाड, गर्द सावली. मुक्काम म्हटलं की आधी सावली शोधायची, ही जन्माची सवय. इथेही दोनदा मागेपुढे करून गाडी नेमकी झाडाखाली बसवली होती. दोन दिवस पॅनलला ऊनच लागलं नव्हतं.

"गाडी उन्हात न्यायला हवी."

"उन्हात? औषध शिजवायचंय का?"

"पॅनलला ऊन... मला वाटतं, बहुतेक..."

"बहुतेक नको, मर्व. हो की नाही?"

"हो."

गाडीचे गिअर आपोआप पडणारे, त्यामुळे ढकलून ती सुरू होणार नव्हती. पण उतार होता. वीस पावलांवर उघडी जागा आणि लगेच नाल्याची वाळू. तिच्यात चाकं रुतली की संपलं. थेल्मा चालकाच्या जागी बसली, हात हँडब्रेकवर. मर्विनने मागून खांदा लावला.

"पाय जप! तुला पुरायला फावडं आहे, पण जमीन फार कडक आहे."

गाडी हलली, मग सुटलीच. "ब्रेक!" मर्विन ओरडला. चाकं करकरली आणि वाळूच्या हातभर अलीकडे थांबली.

फ्रीज मात्र मुकाच. सत्तावीस. मर्विनने ओली चादर त्याच्यावर टाकली. अठ्ठावीस. झाकण उघडायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. एकोणतीस. थेल्माने तापमापकाकडे पाठ फिरवली.

मग खोक्यातून बारीक घरघर आली. अर्धा तास आकडा जागचा हलला नाही. नंतर अठ्ठावीस झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन सुरू झालं. ऊडनाडाटाच्या रोडहाऊसमध्ये चहा येण्याआधीच मर्विनने कागद काढला. "लेस, फ्रीज कुठलाही घे. त्याला वेगळी बॅटरी दे. पॅनल छतावर ठोकू नकोस, लांब वायरीवर सुटं ठेव. तू सावलीत बस, ते उन्हात राहू दे. उत्तराला उशीर झाला, माफ कर."

तो पुन्हा वाचायला लागला, तशी थेल्माने कागद ओढून पाकिटात घातला आणि तिकीट चिकटवलं. टपालपेटीपाशी मर्विन क्षणभर घुटमळला. मग त्याने पाकीट आत सोडलं.