कपाळावर बहिणीचा नंबर

“अहो जावईबापू, तुम्ही शिकलेले, मान्य आहे. पण शिकलेल्या माणसानं तेच ते अकरा वेळा करायचं?”

“अकरा नाही, नऊ. आणि आई, तुम्ही तुमच्या मशीनवर बसा बरं. दोष माझा नाही, पेटीचा आहे.”

“काल म्हणालात प्रोग्रामचा. परवा म्हणालात वायरचा. उद्या म्हणाल सासूबाईंच्या सुईचा!”

ज्या पेटीवरून ही जुंपली होती, ती मी. हो, पेटीच बोलतेय. फोनला रेंज देणारी पेटी असते ना, त्या जातीची. मला बेस स्टेशन म्हणतात. चपलांच्या खोक्याएवढा जीव माझा, पण छपरावर अँटेना लावून दिलीत तर आवाज समोरच्या डोंगरावर पोचवीन. त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि एकपर्यंत मी बोलले नाही, तर मला भंगारात टाकायचं ठरलं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून माझी बाजू आता सांगते.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या पोटात माझा नंबर कायमचा नोंदवला, एक्केचाळीस शहात्तर. मग तोच कागदावर छापून झाकणावर चिकटवला. पोटातला नंबर माझा. झाकणावरचा लोकांच्या सोयीचा. हा फरक ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

त्याच टेबलावर माझ्याआधी नऊ पेट्या एक थोरली बहीण जन्मली होती, एक्केचाळीस सदुसष्ट. आम्हा दोघींना एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात जागा मिळाली. आठ वर्षं आम्ही तिथे माणसांची बोलणी वाहिली. माणसं कशी असतात ते मला विचारा. “पोचलोच” म्हणतात तेव्हा अंघोळीलाही गेलेली नसतात. “ठेवते हं” म्हटल्यावर खरं बोलणं सुरू होतं. आणि ज्याला खरोखर बोलायचं असतं, तो नुसता श्वास घेत राहतो. त्या श्वासांना मी कधी तुटू दिलं नाही. अभिमान आहे मला त्याचा.

मग नवी यंत्रं आली आणि आम्हाला मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत ढकललं. तिथल्या ओलीनं थोरलीच्या पोटात गंज धरला. पुढे कुणी वीज देऊन पाहिली तेव्हा तिनं एक ठिणगी टाकली आणि ती गेली.

तिथून जावईबापूंनी आम्हाला मागून आणलं. हा माणूस मोबाइल दुरुस्त करणारा. घर वरच्या वस्तीत, दुकान खालच्या गावात. वरच्या वस्तीला रेंज नाही. कंपनीची माणसं एकदा येऊन घरं मोजून गेली, ती गेलीच. जावईबापूंची बायको, म्हणजे सासूबाईंची लेक, मागच्या खेपेला वर एकटी अडली. नर्सला बोलवायला शेजारी पायी धावत खाली आला. नर्स पोचली तेव्हा शिवून तयार ठेवलेली झबली पुन्हा ट्रंकेत गेली होती. आता तिला परत नववा लागला होता. आणि दुखायला लागल्यावर खाली या म्हणणाऱ्यांनी एकदा ती वाट उतरून पाहावी!

म्हणून जावयानं ठरवलं, रेंज आपणच आणायची. सासूबाईंची शिवणकामाची खोली खालच्या गावात सगळ्यात उंच, खिडकीतून वरची वस्ती समोर दिसते. माझा मुक्काम तिथे पडला. थोरलीलाही आणलं होतं, तिचे सुटे भाग कामी येतील म्हणून.

आता सासूबाईंविषयी. शाळेत पाऊल टाकलं नाही, पण टेपवरचे आकडे आणि मशीनबरोबर आलेलं पुस्तक यांवर इंग्रजी अक्षरं स्वतः गिरवली. गावातले सगळे अंगरखे त्यांच्या हातचे. “माप अंगावर घ्यावं, जुन्या कपड्यावरून घेतलं की फसलात,” हे त्या दिवसातून तीनदा सांगणार. चूक? ती नेहमी दुसऱ्याची. चाळीस वर्षांत त्यांनी एक बाही उलटी लावल्याचं कुणी सिद्ध करू शकलेलं नाही.

धूळ मात्र त्यांची वैरीण. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघी बहिणींची झाकणं काढली, साबणानं धुतली, खिडकीत शेजारी शेजारी वाळत घातली, पुसली आणि लावली. माझं झाकण थोरलीला. थोरलीचं मला. मेलेल्या बहिणीचा नंबर कपाळावर घेऊन मी टेबलावर बसले, आणि तिला माझं नाव लावून पलंगाखाली सरकवलं.

मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे? माझं बोलणं फक्त कंट्रोलरशी.

कंट्रोलर म्हणजे आम्हा पेट्यांचा मुकादम. कुणी कुठल्या लहरीवर बोलायचं, कुठला फोन कुणी सांभाळायचा, हे तो सांगणार. कंपन्यांकडे तो कुलपात असतो. जावयानं आणला तो मात्र मोकळा. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा असा प्रोग्राम. जुन्या लॅपटॉपवर तो बसवायला तीन दिवस गेले. एक भाग बसवावा तर तो दुसरा मागे, दुसरा बसवावा तर तिसरा रुसे. “लग्नातल्या वरमायांसारखं आहे हो तुमचं हे,” सासूबाई काज करता करता म्हणाल्या. चौथ्या दिवशी मुकादम उठून बसला. मला न जोडता, खोट्या पेटीवर जावयानं त्याची चाचणी घेतली. पास. मग त्यांनी मुकादमाच्या फाइलमध्ये माझी नोंद केली. झाकणावर पाहिलं, एक्केचाळीस सदुसष्ट, आणि तसंच लिहिलं. त्यांचं तरी काय चुकलं?

सरकारी परवाना मिळाला फक्त चाचणीचा, अकरा ते एक, दोन तास. तपासनीस बाई स्वतः आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या, मांडीवर फॉर्म.

“मला एकच रकाना भरायचाय,” त्या म्हणाल्या. “फोन लागला की नाही. लागला तर कायमच्या परवान्याची शिफारस. नाही लागला तर अर्ज पुढल्या वर्षी.”

पुढल्या वर्षी! लेकीला नववा चालू होता.

लेक वर आपल्या अंगणात चाचणीचा फोन घेऊन बसली होती. खाली निरोप द्यायला आईनं तिला दोन कापडं दिली होती. फोनवर नेटवर्क दिसेपर्यंत कुंपणावर पिवळं, दिसलं की पांढरं.

अकराला मला वीज मिळाली. मी उठले, मुकादमाच्या दारात गेले.

“कोण?”

“एक्केचाळीस शहात्तर.”

“या नंबरची पेटी माझ्या नोंदीत नाही.” दार बंद.

पुन्हा गेले. पुन्हा तेच. दर काही सेकंदांनी मी खरं नाव सांगत होते आणि तो दार आपटत होता. हे सगळं स्क्रीनवर ओळीओळीनं उमटत होतं, पण जावयाचे डोळे “नोंदीत नाही” एवढंच वाचत होते. नंबर त्यांना पाठ झाला होता ना! सदुसष्ट काय, शहात्तर काय, घाईतल्या डोळ्याला सारखंच. त्यांना वाटलं, नोंदच बिघडली. प्रोग्राम काढला, परत बसवला. वायर बदलली. मला बंद करून चालू केलं, बंद करून चालू केलं. कुंपणावर पिवळंच.

बारा दहाला ते भांडण पेटलं, जे तुम्ही सुरुवातीला ऐकलंत, आणि वायरी बदलता बदलता अर्धा तास चालूच राहिलं.

“पेटी जुनी आहे, ओलीत पडून होती,” जावई कपाळ पुसत म्हणाले. “हिच्या बहिणीचं झालं तेच हिचं झालंय.”

“मग आणलीत कशाला? माझी पोर तिकडे उन्हात बसलीय तुमच्या भरवशावर!”

“ती माझी पण कुणीतरी लागते, आई!”

“लागते ना? मग मागच्या खेपेला कुठे होतात?”

  मागच्या खेपेला जावई याच गावात, दुकानात, कुणाचा तरी फोन दुरुस्त करत बसले होते. खिशातला त्यांचा स्वतःचा फोन पूर्ण चार्ज होता.

“आणि तुम्ही माझ्या माघारी पेटी धुवायला काढलीत,” ते शेवटी म्हणाले. “आत पाणी गेलं असेल. तुमच्या त्या साबणानं!”

“पाणी? माझ्या हातून? फक्त झाकणं धुतली मी, तीही कडक वाळवून. चाळीस वर्षांत टाचणीएवढी चूक दाखवा माझी!”

“पाऊण वाजायला आला,” तपासनीस बाई म्हणाल्या.

जावयानं हातातली वायर खाली ठेवली. “लिहा बाई, पेटी खराब आहे.”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. सासूबाई लॅपटॉपशी जाऊन उभ्या राहिल्या. रागानं, दुसरं काही नाही. मला दोन शिव्या द्यायलाच आल्या असाव्यात. मी तेव्हाही माझं नाव सांगत होते. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि गिऱ्हाइकाचं माप वहीतून वाचावं तसे एकेक आकडे सुटे सुटे पुटपुटले. चार. एक. सात. सहा. मग माझ्या झाकणाकडे पाहिलं. चार. एक. सहा. सात.

त्या खाली वाकल्या, पलंगाखालून माझी थोरली बहीण ओढली. तिच्या कपाळावर माझा नंबर.

आता त्यांनी काय करावं? दोघींना जावयानंही हाताळलं होतं. “तुम्हीच गोंधळ घातलात” म्हटलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. काम झालं असतं आणि नाकही शाबूत राहिलं असतं. थोरलीचं झाकण बोटांनी चाचपत त्या उभ्या होत्या, आणि समोर कुंपणावर पिवळं कापड वाऱ्यानं फडफडत होतं.

इथे जरा थांबते, कारण सासूबाईंचं पुढचं वाक्य झाल्यावर मला काही बोलायचं नाही. आज मी त्या खोलीच्या छपरावर आहे. डोक्यावर पत्र्याची टोपी, अँटेनेवर एक कावळा हक्कानं बसतो. त्या दिवशी जावयानं मुकादमाच्या फाइलमध्ये माझा खरा नंबर लिहिला, एकला सहा मिनिटं कमी असताना कुंपणावर पांढरं चढलं आणि पाठोपाठ वरचा फोन वाजला. कायमचा परवानाही आला, आणि तेरा दिवसांनी पहाटेच लेकीनं स्वतः नर्सला फोन लावला. तो मी वाहिला. नर्स वेळेत पोचली. ट्रंकेतली झबली बाहेर आली आणि आता तीही आखूड होतात. दोन्ही झाकणं आपापल्या जागी आहेत. थोरली अजून पलंगाखाली आहे, पण स्वतःच्या नावानं. मीही किती वर्षं टिकेन सांगता येत नाही, म्हणून आत्ताच मागते. एखादी वस्तू चालली नाही तर तिला आपटू नका, खराब म्हणू नका. आधी ती काय सांगतेय ते ऐका, आणि मग स्वतःच्या हातांकडे एकदा बघा. दुसरं सोपं नाही, मला माहीत आहे. मी ते होताना पाहिलंय.

पेन फॉर्मला टेकलं. सासूबाईंनी थोरलीला उचलून टेबलावर माझ्या शेजारी ठेवलं, पदर सारखा केला आणि ज्या आवाजात त्या गावाला दरडावतात त्याच आवाजात म्हणाल्या,

“थांबा बाई, पेटीत दोष नाही आणि आमच्या जावईबापूंतही नाही, झाकणं मी चुकवली.”