रेशमच्या पोटाला कान

अमळनेरहून सुरतेला येऊन जागृतीला वर्ष होत आलं होतं. आई गावी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपाशी राहिली होती. वडील सचिन भागातल्या एका कापड कारखान्यात बारा तास राबायचे आणि घरी आले की जेवून झोपायचे. शाळेत सुरुवातीला ती चुकीच्या गुजरातीत दोन वाक्यं बोलली, मुली हसल्या. तेव्हापासून तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

भेस्तानच्या त्यांच्या गल्लीमागे पत्र्याच्या शेडमध्ये धुरपदाबाईंची घोडी होती, रेशम. नवरा वारल्यावर वरातीला घोडी द्यायचा त्याचा धंदा बाईंनीच चालू ठेवला होता. एकदा जागृती सहज आत डोकावली, तशा बाई अहिराणीत म्हणाल्या, "घोडीना मांगे जाऊ नको, माय."

घरची बोली ऐकली आणि जागृतीचा पाय तिथून निघेना.

मग ती शाळा सुटली की रोज जाऊ लागली. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जवळ जायचं. खुरातले खडे टाचेकडून पुढं काढायचे. दाणा एकाएकी वाढवायचा नाही. लीद रोज पाहायची. बाईंनी तिला घोडीच्या पोटाला कान लावायलाही शिकवलं; आत गुडगुड चालू असली म्हणजे सगळं ठीक. जागृती काही कारण नसतानाही कितीदा तशीच उभी राहायची. बाई सोडल्या तर दिवसभरात तिच्याशी बोलायची ती ही गुडगुडच.

एका रविवारी बाई लेकीकडे चलथाणला गेल्या आणि रेशमला जागृतीवर सोपवून गेल्या. दुपारी रेशमनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. ती सारखी मान वळवून आपल्याच पोटाकडे बघत होती, पुढच्या पायानं जमीन उकरत होती. सकाळपासून लीदही नव्हती. जागृतीनं पोटाला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

बाईंचा फोन लागेना. शेडच्या भिंतीवर जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर खडूनं लिहिलेला होता. पलीकडून ते गुजरातीत बोलू लागले आणि जागृतीला फोन ठेवून द्यावासा वाटला. पण रेशम कळांनी खाली बसू पाहत होती. मग तिनं जमेल तशा, मोडक्यातोडक्या गुजरातीत सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. चारा काढून घे, मनानं औषध देऊ नकोस, मी येईपर्यंत हळूहळू फिरव, असं त्यांनी सांगितलं.

अर्धा तास ती घोडीला फिरवत राहिली. डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं. दिवस मावळायच्या सुमारास रेशमनं लीद टाकली आणि जागृतीनं पुन्हा तिच्या पोटाला कान लावला. आत गुडगुड सुरू झाली होती.

बाई परतल्या. सगळं ऐकून त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाल्या, "तू होतीस म्हणून वाचली. पण मला आता हे एकटीला झेपत नाही गं."

महिन्याभरात बाई लेकीकडे राहायला गेल्या. रेशमला नवसारीकडच्या एका घोडेवाल्यानं नेलं. टेम्पोत चढवण्याआधी जागृतीनं त्याला रेशमच्या सगळ्या खोडी गुजरातीत समजावून दिल्या. त्यानं मन लावून ऐकलं.

टेम्पो गेल्यावर तिनं रिकामी शेड झाडली. कुणी सांगितलं नव्हतं. मग दाराला कडी घालून ती घरी गेली. वडील झोपले होते. आवाजानं त्यांची झोप मोडू नये म्हणून तिनं स्टोव्हसुद्धा पेटवला नाही.