दमलेली बॅटरी

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून बॅटऱ्या चाटत होते. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी उचलायची, तिची दोन्ही टोकं जिभेला लावायची, एक डोळा मिटून अंदाज घ्यायचा आणि मग डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवून द्यायची.

"आधी चहा घ्या," आई म्हणाली. "विजेची न्याहारी नंतर करा."

"ही झणझणीत आहे, नको. ही बघ, नुसत्या गुदगुल्या करते. ही ठेवू."

लेक आली ती नवा अडॅप्टर हातात घेऊनच. दोघंही बास गिटार वाजवायची, आणि त्यावरून दोघांचं एक दिवसही पटत नसे. बाबांच्या पायाशी एक जुनं फझ पेडल असायचं. पायानं दाबायची लोखंडी डबी. बासचा आवाज तिच्यातून गेला की जाड आणि खरखरीत व्हायचा. तिच्यात ते कायम अर्धीअधिक संपलेली बॅटरी घालत. लेक मात्र आपल्या पेडलांना अठरा व्होल्ट द्यायची. व्होल्ट वाढले की आवाजाला ऐसपैस जागा मिळते. तार कितीही जोरात ओढा, स्वर दबत नाही, फाटत नाही.

"हे घ्या. नऊ आहे, अठराही आहे," असं म्हणत तिनं टेबलावरच्या सगळ्या बॅटऱ्या हातानं ओढून पिशवीत लोटल्या. "आणि हा मेलेला माल मी आज टाकून देणार."

"मेलेल्या नाहीत गं. दमलेल्या आहेत."

"माझ्या मीटरमधलीही पळवलीत ना? काल व्होल्ट मोजायला घेतला तर आत पोकळी!"

"तीच तर सगळ्यात गोड निघाली. पेडलमध्ये बसलीय, आज रेकॉर्डिंगला नेतोय."

"बाबा, तुमचा आवाज रोज वेगळा येतो. याला शैली नाही म्हणत, आळस म्हणतात."

"आणि तुझा इस्त्रीचा, बाईसाहेब. एक सुरकुती नाही. पण आत कुणी आहे की नाही, ते कळत नाही." त्यांनी अडॅप्टर हातात तोलून पाहिला. "वजनदार आहे. दार अडवायला बरा."

तिला हसू आलं नाही. पिशवी घेऊन ती तशीच निघून गेली आणि वाटेत दुकानापाशी जुन्या बॅटऱ्यांची पेटी होती, तिच्यात पिशवी उपडी करून मोकळी झाली.

बाबा दुपारी स्टुडिओत गेले. गाण्याचा निम्म्याहून जास्त भाग वाजवला, उरलेलं उद्या बघू म्हणाले, घरी येऊन जेवले. पहाटे झोपेतच गेले.

महिना व्हायच्या आत स्टुडिओवाल्याचा फोन आला. बँडचं गाणं अडलं होतं. "शेवटचा भाग तू वाजव," तो म्हणाला. "पण जोड ऐकू आली तर माझा नाइलाज आहे. मग काकांचं पुसून सगळंच तुझ्याकडून वाजवून घ्यावं लागेल. गाणं उद्या द्यायचंय."

म्हणून ती आता काचेपलीकडच्या खोलीत बाबांची बास मांडीवर घेऊन बसली होती. कानांत बाबांचा शेवटचा स्वर यायचा, मग तिचा पहिला. आणि दर वेळी स्टुडिओवाला काचेआडून मान हलवायचा.

अडॅप्टरवर नऊ ठेवले. आवाज ताठ. कोरी बॅटरी घातली. तेच, वर थोडा उद्धटपणा. पेडल उघडून, आतले भाग सोसतील याची खात्री करून अठरा दिले, तेव्हा बाबांच्या मागोमाग कुणी परकं माणूस बोलायला लागल्यासारखं झालं. त्यांच्या हट्टाचा तिला इतका संताप आला की ती बास बाजूला ठेवून खोलीत दोन फेऱ्या मारून आली. जिवंत असताना डोकं खायचे ते खायचेच, आता गेल्यावरही!

स्टुडिओवाल्यानं व्होल्ट कमी-जास्त करता येणारी पेटी आणून दिली. तिनं घरून आणलेला आपला मीटर लावला, तो पुन्हा चालू कसा झाला हे तिच्या मनातही आलं नाही, आणि ती एकेक पाव व्होल्ट उतरवत गेली. आठ. साडेसात. सहाच्या आसपास आवाज तुटायला लागला, तशी परत वर. सातापाशी हळू स्वर अगदी जुळले. पण तार जोरात ओढली की गाडं फसायचं. बाबांचा जोराचा स्वर आधी खाली बसायचा आणि मग सावकाश उठायचा, खुर्चीतून उठणाऱ्या माणसासारखा. पेटी ठरलेला व्होल्ट धरून ठेवत होती. दमलेली बॅटरी जोर पडला की वाकते, मग सावरते. आणि तसल्या सगळ्या बॅटऱ्या तिनं आपल्या हातानं दुकानापाशीच्या पेटीत ओतल्या होत्या.

"मीच वाजवू का सगळं?" ती शेवटी माइकमध्ये म्हणाली. "पुसून टाका."

"दहा मिनिटं थांब," स्टुडिओवाला म्हणाला. "चहा आणतो."

तेवढ्यात मीटरवर बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं. म्हणजे इतका वेळ मोजलेल्या आकड्यांवरही भरवसा नाही. तिनं मीटर टेबलावर आपटला, आणि आईचा फोन आला.

"जेवायला येतेस ना?"

"कसलं जेवण! काही जुळत नाहीये. आता मीटरही मरायला टेकलाय."

"अगं, त्यात बॅटरी घातली होती की त्यांनी! त्या दिवशी स्टुडिओतून आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर मागितला. म्हणाले, लेकीची चोरी परत करतो, नाहीतर उद्या पुन्हा ओरडेल."

फोन चालू ठेवूनच तिनं मीटर पालथा केला आणि स्क्रू काढले. आत बॅटरी होती, हलू नये म्हणून कागदाच्या घडीवर टेकवलेली. तशी घडी घालायची सवय घरात एकालाच होती. तिनं दोन्ही टोकं जिभेला लावली.

नुसत्या गुदगुल्या.

स्टुडिओवाला कप घेऊन आला तेव्हा बॅटरी पेडलमध्ये बसली होती. ती म्हणाली, "लावा." बाबांचा शेवटचा स्वर आला, आणि तिनं तार जोरात ओढली. स्वर बसला, उठला, पुढे चालू लागला. ती शेवटपर्यंत वाजवत गेली. काचेपलीकडे स्टुडिओवाला कप हातात धरूनच उभा राहिला होता. मग त्यानं अंगठा वर केला.

तिनं कानावरचे हेडफोन काढले. फोन अजून चालूच होता. पलीकडे आई ऐकत होती. खोलीत बाबांची बास होती, पेडल होतं, उघडा पडलेला मीटर होता.

"बाबा," ती म्हणाली. "लोक म्हणायचे, हिच्या हातात बापाचा आवाज आहे. तो कुणाला ऐकू येऊ नये, म्हणून मी अठरावर वाजवायचे. मला तुमचा आवाज आवडायचा. पहिल्यापासून आवडायचा."