धाकट्याचा निरोप

मित्रांनो, टेलरकाकांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी जो करडा डबा दिसतो ना, तो जुना निरोप्या म्हणजे मी. माझ्या पोटात रेडिओ आणि बॅटरी, डोक्यावर ताठ अँटेना. एकेकाळी काय चकचकीत होतो म्हणून सांगू!

तेव्हा बेकरीवर, औषधांच्या दुकानावर, सगळीकडे माझे भाऊबंद होते. मध्ये तार नाही, पण आम्ही सतत हाका मारायचो, "आहेस ना रे?" "आहे, आहे!" कुठे चोर शिरला, कुठे धूर झाला, की एकाने निरोप दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. असा तो हातोहात नियंत्रण कक्षात पोचायचा आणि तिथली माणसं लगेच बंब धाडायची. एखादा डबा बंद पडला तर निरोप दुसऱ्या वाटेने जाई. फार मजेचे दिवस होते ते.

फक्त उताराखालच्या खुर्च्यांच्या कारखान्याला दुसरी वाट नव्हती. तिथल्या डब्याची हाक एकट्या मलाच ऐकू यायची. तो कारखाना काकांच्या धाकट्या भावाचा. त्याने वडिलांची आरामखुर्ची न विचारता रंगवली, एवढ्यावरून दोघांत अबोला! हसू नका, मोठी माणसं अशीच असतात.

एकदा तपासणीला आलेली मेकॅनिकताई सहज बोलून गेली, "काका, तुमच्या भावाचा निरोप तुमच्याच डब्यातून पुढे जातो हं."

"त्याचा? माझ्या छपरावरून?" काकांचा पारा चढला.

"अहो, हा बंद पडला तर तिकडे आग लागली तरी कुणाला कळायचं नाही!"

"न कळू दे!" ताईची पाठ वळताच काकांनी माझा प्लग उपटला.

मला फार वाईट वाटलं. बॅटरीवर कसाबसा तग धरून होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जीव कंठाशी आला असताना खालून हाक आली, "धूर! धूर!" उरलीसुरली ताकद एकवटून मी निरोप बेकरीकडे दिला आणि विझलो.

पुढचं मला बेकरीवरच्या डब्याने सांगितलं. बंब उताराकडे वळलेला पाहून काका गळ्यातल्या टेपसकट अनवाणी धावत सुटले. धाकटा दाराबाहेर खोकत उभा होता, वडिलांची खुर्ची छातीशी धरून.

"अरे गाढवा, खुर्ची कसली वाचवतोस? जीव वाचव की!" काका ओरडले आणि त्याला मिठी मारून रडले.

संध्याकाळी त्यांनी माझा प्लग लावला. "माझं ऐकलं नाहीस, बरं केलंस," म्हणाले.

आता बेकरीवरचा डबा भंगारात गेला. नवे डबे आलेत, मीही थकलोय. मित्रांनो, माझ्यासारख्यांवरची धूळ अधूनमधून पुसा, आमच्या अँटेनेवर मोजे वाळत घालू नका. आणि कितीही भांडलात तरी कुणाची हाक अडवू नका.

रोज संध्याकाळी काका माझ्याशेजारी त्याच रंगवलेल्या खुर्चीत बसतात. जिन्यातून धाकटा विचारतो, "आहेस ना, दादा?"

"आहे रे, आहे!"