रात्रीत शहाणा झालेला फोन

फोन बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाने आयुष्यात एकदा तरी म्हशीखाली बसावं, अशी माझी फार इच्छा आहे. बादली गुडघ्यांत धरून, तोंडावर शेपटीचे फटके खात. मग त्याला कळेल की नीट चाललेल्या गोष्टीला उगाच हात लावू नये.

माझा फोन नीट चालला होता. महिनाभर तो ‘अपडेट करा, अपडेट करा’ म्हणून मागे लागला होता आणि मी इमानेइतबारे ‘नंतर’ दाबत होतो. आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीला होणाऱ्या दूध स्पर्धेच्या आदल्या रात्री मी त्याला चार्जिंगला लावून झोपलो, आणि या बहाद्दराने मला न विचारता स्वतःला सुधारून घेतलं. सकाळी पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘अभिनंदन! तुमचा फोन आता अधिक स्मार्ट झाला आहे.’ गोठ्यात जाऊन मी नेहमीचं बटण शोधलं, तर ते जागेवर नव्हतं. शेवटी कुठल्या तरी कोपऱ्यात सापडलं, तर फोन म्हणाला, ‘ही फाइल उघडता येत नाही.’ त्या फाइलीत माझ्या बायकोचा आवाज होता.

आता आमच्या हरणीबद्दल सांगायला हवं. हरणी म्हणजे म्हैस. दारात आडवी उभी राहिली तर पाहुण्याला अंगणातच चहा द्यावा लागतो, पण धुरपदाने, म्हणजे माझ्या बायकोने, लाडाने नाव ठेवलं हरणी. रेडकू होती तेव्हापासून धुरपदाने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. त्या लाडाची खोड अशी की धुरपदाने ओवी म्हटल्याशिवाय हरणी पान्हाच सोडत नाही. सरकी घाला, पेंड घाला, पाठ खाजवा, हातापाया पडा. ती दूध वर ओढून ढिम्म उभी राहते.

हिवाळ्यात उमरग्याहून लेकीचा, हर्षालीचा, फोन आला. दुसऱ्या खेपेचे दिवस होते आणि डॉक्टरने तिला पडून राहायला सांगितलं होतं. धुरपदाला जाणं भाग होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने माझा फोन घेतला, मला नेहमीसारखं गोठ्याबाहेर घालवलं आणि ओवी फोनमध्ये भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी एकट्याने धार काढायला बसलो, फोन खुंटीला अडकवला आणि ओवी लावली.

*ये गं ये गं हरणी, काळ्या पाठीची राणी,*
*चरवी माझी रिकामी, नको करू मनमानी,*
*ज्ञानोबाच्या लेकी गं, सोड पान्ह्याची धार,*
*दुधाच्या फेसावानी सुखी ठेव घरदार.*

ज्ञानोबा म्हणजे मी. माझे हात थांबले. इतक्या वर्षांच्या संसारात धुरपदाच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. ती मला ‘आवो’ म्हणते, मी तिला ‘हर्षालीची आई’ म्हणतो. इथे कागदावर तिचं नाव लिहितोय, पण तोवर तोंडाने कधी उच्चारलं असेल तर शपथ. आणि ही बाई सकाळ-संध्याकाळ म्हशीच्या कानात माझं नाव गात होती! खरं सांगतो, मला फार आनंद झाला. धार काढून झाल्यावरही मी ती ओवी परत परत लावून ऐकायचो. हरणीही कंटाळून माझ्याकडे बघायची.

एसटीत चढताना धुरपदा म्हणाली होती, “औंदा स्पर्धेची ढाल आणा. मागल्या साली व्यंकटभाऊजींनी नेली. आन् माईकवर नाव माझं घ्यायला लावा. म्हशीमागं वरीसभर मी राबते, आन् पुकारा तुमचा व्हतोय.”

“शब्द देतो,” मी म्हणालो होतो.

म्हणून फाइल उघडेना तेव्हा मी तडक वाशीत सिद्धारामच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. तिथे माझ्याआधी अर्धं गाव जमलं होतं. आमच्या गावाची एक रीत आहे. एकाने घेतला तोच सगळ्यांनी घ्यायचा, मग ते बियाणं असो की फोन. दिवाळीत सगळ्यांनी सिद्धारामकडून एकाच कंपनीचा एकच फोन घेतला होता, रंगसुद्धा एकच. त्यामुळे सगळ्यांचेच फोन एका रात्रीत शहाणे झाले होते. कुणाचा कॅमेरा आपोआप उघडत होता, तर कुणाचा फोन तव्यासारखा तापत होता. एका म्हातारीच्या फोनवर हिरव्या रेघांशिवाय काहीच दिसत नव्हतं. मागच्या साली ढाल जिंकलेला व्यंकटही तिथेच होता, आणि त्याच्या फोनवर पलीकडच्याचा आवाजच ऐकू येत नव्हता.

“काका, ह्यो कंपनीचाच घोळ हाय,” सिद्धाराम कपाळाला हात लावून म्हणाला. “पुढचं अपडेट आलं की व्हईल नीट.”

“मंग म्हशीला सांगू का, पुढच्या अपडेटपर्यंत दम धर म्हणून?”

दुकान हसलं, मी नाही हसलो. सिद्धारामने फोन बंद केला, चालू केला, काहीबाही पुसलं आणि एकदम दुकानात धुरपदाचा आवाज घुमला, ‘ज्ञानोबाच्या लेकी गं...’ मी झटकन फोन ओढून घेतला. आमचं घरातलं गाणं त्या गर्दीने कशाला ऐकायचं? पण जीव भांड्यात पडला. घरी जाऊन सकाळची राहिलेली धार काढली, हरणीला टेम्पोत घातलं आणि संध्याकाळी बाजारतळावर हजर झालो.

नियम साधे होते. रेडकू सोडायचं नाही, इंजेक्शन टोचायचं नाही, पंचाने शिट्टी वाजवली की धार काढायची आणि परत वाजवली की थांबायचं. व्यंकटच्या म्हशीने आधीच बादली फेसाने भरून दाखवली होती. तो मिशीवर हात फिरवत उभा होता. आमचं नाव पुकारलं गेलं. मी हरणीखाली बसलो आणि खिशातून फोन काढला.

फोन आपला आपणच बंद झाला आणि आपला आपणच चालू झाला. पडद्यावर आलं, ‘ही फाइल उघडता येत नाही.’

शिट्टी वाजली.

मी हरणीच्या सडांना हात लावला. थेंब नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे गाणं कुठंय? घाईघाईने मी धुरपदाला फोन लावला. तिने उचलला, हे पडद्यावर दिसत होतं, पण आवाज येईना. “हॅलो! अगं, हरणीला ओवी म्हण! हॅलो!” मी ओरडलो. पलीकडे शुकशुकाट. व्यंकटच्या फोनची तीच गत झाल्याचं मी सकाळीच पाहिलं होतं. फोन कापायला गेलो, तर ते बटणही जागेवर नव्हतं. शिवी हासडली आणि तसाच सदऱ्याच्या खिशात कोंबला.

“काय ज्ञानोबा, म्हशीला रेंज न्हाय व्हय?” व्यंकट ओरडला आणि सगळं मैदान हसलं.

मला असा राग आला की विचारू नका. फोनचा आला, व्यंकटचा आला, आणि सगळ्यात जास्त या विचाराचा आला, की उमरग्याला जाऊन धुरपदाला कुठल्या तोंडाने सांगू. त्या रागातच मी हरणीच्या कुशीला डोकं टेकवलं आणि तोंड उघडलं. मी आयुष्यात कधी गायलो नव्हतो. आरतीतसुद्धा फक्त टाळ्या वाजवतो.

“ये गं ये गं हरणी, काळ्या पाठीची राणी...”

मैदानात शिट्ट्या पडल्या. हरणीचे कान हलले. दुसरी ओळ गेली. तिसऱ्या ओळीला मी अडलो. तिथे माझं नाव होतं. स्वतःच स्वतःचं नाव काय गायचं? आणि मुळात ही लेक माझी होती का? हिला बाटलीने दूध पाजलं कुणी, थंडीत स्वतःचं घोंगडं घातलं कुणी? मी डोळे मिटले आणि सगळ्या तालुक्यासमोर खच्चून गायलो,

“धुरपदीच्या लेकी गं, सोड पान्ह्याची धार!”

हरणीने मोठा सुस्कारा सोडला. माझ्या हातांखाली सड भरून आले आणि बादलीत अशी धार वाजली की मला पुढची ओळ आठवेना. मी तीच ओळ म्हणत राहिलो. धुरपदीच्या लेकी गं, धुरपदीच्या लेकी गं. हसणारे हसायचे थांबले. मग कुणी तरी टाळी धरली, आणि मागच्या रांगेतून बायकांनी ओळ उचलली. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फेस बादलीच्या काठावरून ओघळत होता. मोजलं तर व्यंकटच्या म्हशीपेक्षा पावशेर जास्त!

“पहिला क्रमांक, ज्ञानोबा...” माईकवरचा माणूस सुरू झाला.

“न्हाय!” बायका ओरडल्या. “धुरपदी! धुरपदीची लेक!”

त्याला परत पुकारावं लागलं, “पहिला क्रमांक, धुरपदाबाई यांची हरणी!” मी ढाल डोक्यावर घेतली आणि हरणीभोवती नाचलो. या वयात, हो. व्यंकटने येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. “गाणं कुठल्या अपडेटात आलं रं?” त्याने विचारलं, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळची धारही मी गाऊनच काढली आणि ढाल घेऊन उमरग्याची एसटी धरली. वाटेत फोनवर आलं, ‘नवीन अपडेट उपलब्ध आहे.’ मी ‘नंतर’ दाबलं.

हर्षालीच्या दारात पोचलो तर विहीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हर्षाली खाटेवर पडल्या पडल्या हसत होती. शेजारपाजारच्या चार बाया उगाचच जमल्या होत्या.

“बाबा, काल फोन कापलाच न्हाई तुमी,” हर्षाली म्हणाली. “तुमाला आमचा आवाज येत नव्हता, पण तुमचा आमाला समदा येत होता. म्या स्पीकरवर टाकला. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.”

माझे कान तापले. धुरपदा आतून आली. तिने ढाल हातात घेतली, पदराने पुसली, उराशी धरली. तिचे डोळे भरले होते. विहीणबाईंसमोर, शेजारणींसमोर, लेकीसमोर तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

“या, ज्ञानोबा,” ती म्हणाली, “बसा.”