शंभर ठोकळे

गणिताच्या बाई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात घर खायला उठलं. म्हणून नगरपालिकेनं काम देऊ केल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या. सरकारी खर्च कसा ठरतो हे लोकांना स्वतःच्या हातानं करून कळावं, यासाठी एक खेळ वस्त्यावस्त्यांत नेऊन मांडायचा होता. शंभर लाकडी ठोकळे, सध्याच्या खर्चाप्रमाणे आठ पेट्यांत वाटलेले: रस्ते, पाणी, शाळा, दवाखाना, ॲम्ब्युलन्स, दिवे, कचरा, बाग. एका पेटीत ठोकळा वाढवायचा तर दुसरीतून काढावा लागे.

"चुकलं तरी बिघडत नाही," बाई प्रत्येक वस्तीत सांगत. "खेळच आहे हा."

कारखान्यामागच्या वस्तीत तीसेक माणसं जमली. त्यांत शिवणकाम करणारी एक बाई होती, सगळे तिला टेलरताई म्हणत. तिनं ॲम्ब्युलन्सच्या पेटीतले सहाही ठोकळे उचलून दिव्यांच्या पेटीत टाकले.

"पोरी क्लासहून अंधारात येतात, माझा जीव टांगणीला लागतो. आणि ती गाडी दवाखान्याशेजारी नुसती उभी. ड्रायव्हर घोरत असतो."

लोक हसले. बाईही हसल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी टेबलाचा फोटो काढून कार्यालयात पाठवला.

चार महिन्यांनी गल्लीत दिव्यांचे खांब आले आणि ॲम्ब्युलन्स नदीपलीकडे गेली. आदेशात कारण दिलं होतं: नागरिकांनी ठरवलेला प्राधान्यक्रम. खाली बाईंनी काढलेला फोटो.

बाई तडक कार्यालयात गेल्या. लेखाधिकारी त्यांचा जुना विद्यार्थी. तो उठून उभा राहिला.

"बाई, गाडी आम्हाला दोन वर्षांपासून हलवायची होती. लोक ओरडतील म्हणून अडलं होतं. तुमच्यामुळे सोपं झालं."

बाईंनी तक्रार लिहून दिली. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. काम मात्र त्यांनी सोडलं नाही.

पावसाळा संपता संपता टेलरताईच्या नवऱ्याला भरदुपारी जेवताना छातीत कळ आली. रंगारी माणूस, कधी आजारी न पडलेला. गाडी यायला पन्नास मिनिटं लागली. तोवर सगळं आटोपलं होतं.

दवाखान्यातल्या नर्सकडून कळलं तेव्हा बाई भेटायला गेल्या. टेलरताई मशीनवर होती. तिनं पाय थांबवला नाही.

"खेळ म्हणाला होतात तुम्ही."

"मलाही तेच सांगितलं होतं."

"आदेश निघाल्यावर तरी कळलं ना? मग येऊन सांगायचं होतं. आम्ही मोर्चा नेला असता."

बाई जायला वळल्या.

"ठोकळे मी उचलले हे पोरींना माहीत नाही," टेलरताई खालच्या आवाजात म्हणाली. "गाडी रस्त्यात अडकली असं सांगितलंय. तुमच्या तोंडून कुठे निघायला नको."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेट्या परत केल्या. पंधरवड्यात त्यांच्या जागी नवी मुलगी आली. तिची पहिली सभा होती तिथे बाई जाऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. मुलगी म्हणाली, "हा फक्त खेळ आहे." तेव्हा त्या उठल्या आणि फोटोचं पुढे काय होतं ते त्यांनी सांगितलं. एक माणूस गेला हेही सांगितलं. ठोकळे कुणी उचलले, असं कुणीतरी विचारलं.

"मी उचलू दिले," बाई म्हणाल्या.

पाचसात माणसं उठून गेली. बाकीच्यांच्या गल्लीत आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. ती टेबलाभोवती जमली, आणि कुठल्या पेटीतून काढायचं यावरून त्यांची वादावादी सुरू झाली.